रुग्णालयात सामान वाहणारा रोबो येतोय. हो म्हणण्याआधी काय काय बघावं?

नाइट सिस्टर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी २३ वर्षं नर्स आहे, सध्या तिसऱ्या मजल्याची इनचार्ज. गेल्या आठवड्यात आम्हा सगळ्या इनचार्जना बोलावून सांगितलं, की सामानाची ने-आण करायला दोन रोबो घ्यायचं चाललंय. तळघरातल्या फार्मसीतून वॉर्डात औषधं, वॉर्डातून लॅबला सॅम्पल, सीएसएसडीतून (निर्जंतुकीकरण विभागातून) निर्जंतुक केलेले सेट. विकणाऱ्या कंपनीची माणसं येऊन पडद्यावर सगळं दाखवून गेली. आता प्रत्येकीने पुढच्या बैठकीआधी आपलं म्हणणं लेखी द्यायचं आहे.

मला हे यंत्र हवंय. कशासाठी हवंय ते आधी सांगते.

आमच्याकडे रात्री मजल्याला एकच मामा असतात. (पुण्याबाहेरच्यांसाठी: इथे रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी.) मध्यंतरी एका नाइटला मी मामांच्या फेऱ्या वहीत रेघा मारून मोजल्या. १९ निघाल्या. त्यातल्या १२ नुसत्या सामानाच्या: एक इंजेक्शन आणा, दोन सॅम्पल पोचवा, रक्ताच्या पिशवीचा फॉर्म खाली द्या. पहाटे तीनच्या सुमारास १४ नंबरच्या आजोबांनी हाक मारली. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, चादर ओली झाली होती. अशा माणसाला कुशीवर वळवायला दोघं लागतात. एकाने पाय सांभाळायचा, गुडघ्यांच्या मध्ये उशी धरायची, दुसऱ्याने पाठीला हात द्यायचा. मी एकटी होते. मामा सॅम्पल घेऊन गेलेले आणि खाली लिफ्टची वाट बघत उभे. १७ मिनिटं आजोबा तसेच ओल्यात पडून होते, आणि वर मलाच समजावत होते, “असू द्या हो सिस्टर, तुमचा तरी काय इलाज.”

ती १७ मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. मामा मजल्यावर राहावेत म्हणून मला रोबो हवाय. तो आला म्हणून मामांची जागा कमी करायची असेल तर माझी सही मिळणार नाही, हे मी लेखी देणार आहे.

पण यंत्रातलं मला कळत नाही. ज्यांनी अशी यंत्रं बनवली, बसवली, वापरली आहेत त्यांनी सांगा, कंपनीला काय विचारू? आमची इमारत जुनी आहे, मागच्या बाजूला नवी विंग जोडलेली आहे.

---

चाकणकर

ताई, मी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत ही यंत्रं बसवतो.

आधी एक फरक. कारखान्यातल्या जुन्या एजीव्ही, म्हणजे विनाचालक गाड्या, जमिनीवर चिकटवलेल्या चुंबकी पट्टीवरून चालतात. पट्टीवर कोणी उभं राहिलं की गाडी थांबते, आणि तो माणूस हलेपर्यंत थांबूनच राहते. तुम्हाला दाखवलाय तो एएमआर, म्हणजे स्वतः वाट शोधणारा रोबो, असणार. त्यात लायडार असतो. तो लेसरचा किरण चहूकडे फिरवतो आणि किरण आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. बसवताना एकदा यंत्राला इमारतभर फिरवून नकाशा बनवतात. नंतर समोर दिसेल ते नकाशाशी ताडून पाहत ते आपली जागा ओळखतं, वाटेत स्ट्रेचर आडवं असलं तर वळसा घालतं. लेसर पहिल्या वर्गातला असतो, डोळ्यांना अपाय नाही.

आता सादरीकरणात जे येत नाही ते. सुरक्षेचा लायडार बहुतेक यंत्रांत जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकाच पातळीत बघतो. सलाइन स्टँडचा दांडा बारीक आणि पाय त्या पातळीच्या खाली. स्ट्रेचरचं पुढे आलेलं टोक त्या पातळीच्या वर. काचेच्या दारातून किरण आरपार जातो. या उणिवा भरून काढायला समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारे (डेप्थ) कॅमेरे लावतात, पण ते किती लावलेत, कोणत्या बाजूला लावलेत, हे यंत्रायंत्रावर आहे. तेव्हा कंपनीला त्यांच्या हॉलमधला व्हिडिओ दाखवू देऊ नका. तुमचा सलाइन स्टँड, तुमची पुसायची बादली, तुमची व्हीलचेअर तुमच्याच पॅसेजमध्ये आडवी लावा आणि यंत्र सोडायला सांगा.

आणि एक चटई अंथरा. रात्री नातेवाईक पॅसेजमध्ये झोपतात ना? झोपलेल्या माणसाचं अंग लायडारला कदाचित दिसेल. चटईबाहेर आलेला हात जमिनीपासून चार बोटं उंच असतो. तो दिसतो का, हे बघितल्याशिवाय सही करू नका.

कागदपत्रांतही एक गोष्ट तपासा. कंपनी आयएसओ ३६९१-४ चं प्रमाणपत्र दाखवेल. ते विनाचालक औद्योगिक गाड्यांचं मानक आहे. ज्या जागेत सामान्य लोकांचा वावर असतो तिथले जादा धोके त्यात धरलेले नाहीत, त्यासाठी ते आयएसओ १३४८२ कडे बोट दाखवतं. कारखान्यात प्रत्येकाला गाडीसमोर कसं वागायचं ते शिकवलेलं असतं. तुमच्याकडे इंदापूरहून पहिल्यांदाच आलेली आजी असते, आणि पळणारं पोर असतं.

---

नाइट सिस्टर

चाकणकर दादा, हाताचं तुम्ही सांगितलंत आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे अकरानंतर पॅसेजच्या एका कडेला रांगेने चटया पडतात. नकाशावर तो पॅसेज २.४ मीटर रुंद आहे, रात्री उरतो त्याच्या निम्मा. कंपनीची माणसं दुपारी दोन वाजता पाहणी करून गेली.

---

लिफ्टची चावी

सिस्टर, रोबोपेक्षा तुमची लिफ्ट आधी बघा. मी लिफ्टच्या देखभालीत १६ वर्षं आहे, पुण्यातल्या बऱ्याच रुग्णालयांचे शाफ्ट माझ्या पायाखालून गेलेत. एका ठिकाणी (नाव घेत नाही) असाच रोबो आला होता. यंत्र चांगलं होतं. चार महिन्यांनी ते तळमजल्यावर कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभं होतं, आणि कारण निव्वळ लिफ्ट. काय काय झालं ते क्रमाने सांगतो.

रोबोला हात नाहीत, तो बटण दाबू शकत नाही. त्याला लिफ्टच्या कंट्रोलरशी बोलावं लागतं: मला बोलाव, दार धरून ठेव, तिसऱ्यावर ने. नव्या लिफ्टला त्यासाठी जोडणी मिळते. जुन्याला बाहेरून रिले लावून बटणाच्या तारांना समांतर जोड द्यावा लागतो. हे काम लिफ्टच्या कंपनीने करायचं असतं, आणि त्याचा खर्च रोबोच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतोच. तिथे सहा आठवडे दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या.

मग लेव्हल. जुनी लिफ्ट मजल्याशी बरोबर जुळून थांबत नाही, थोडी वर नाहीतर खाली थांबते. माणूस पाय उचलून टाकतो, त्याला कळतही नाही. रोबोची पुढची चाकं लहान. तिथला रोबो उंबऱ्याच्या फटीत चाक अडकवून अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहिला. दार त्याच्यावर आपटून पुन्हा उघडायचं, पुन्हा आपटायचं. बेड लिफ्ट अडकली आणि वर ओटीला (ऑपरेशन थिएटरला) पेशंट न्यायचा होता. चार जणांनी उचलून बाहेर काढला.

तिसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. लिफ्टची केबिन म्हणजे लोखंडी पेटी, आत वायफाय मरतं. रोबो आत असताना वीज गेली. एआरडीने, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणेने, केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडलं. मजला दुसरा होता. रोबोच्या हिशेबात तिसरा. तो शांतपणे बाहेर पडला आणि तिसऱ्या मजल्याच्या नकाशावर दुसऱ्या मजल्यावर चालू लागला. दोन्ही मजल्यांचे पॅसेज सारखेच, त्यामुळे त्याला संशयही आला नाही. तो एका बंद खोलीच्या दारासमोर जाऊन सॅम्पलचा डबा घेऊन उभा राहिला. तो कुठे आहे हे ४० मिनिटं कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून विचारा: केबिन कोणत्या मजल्यावर थांबली हे रोबोला कोण सांगतं? कंट्रोलर सांगत असेल तर उत्तम. नुसत्या अंदाजावर असेल तर नको. आणखी विचारा: ओटीचं किंवा कोड ब्लूचं (हृदय किंवा श्वास बंद पडल्याच्या आणीबाणीचं) स्ट्रेचर आलं की रोबो लिफ्टचा हक्क सोडतो का? आगीची घंटा वाजली की तो कुठे जातो? त्या वेळी लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडी राहते. रोबो तिच्या दारात किंवा जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला तर पळणाऱ्यांच्या पायात येईल. त्याने पॅसेजच्या कोनाड्यात जाऊन थांबायला हवं, आणि ते कोनाडे आधी ठरवून नकाशावर आखलेले हवेत.

पेशंटची लिफ्ट आणि सामानाची लिफ्ट वेगळी असेल तर अर्धी कटकट मिटते. आहे का तुमच्याकडे?

---

नाइट सिस्टर

नाही हो. दोन बेड लिफ्ट आहेत, त्यातली एक रात्री दहानंतर बंद ठेवतात. म्हणूनच मामा खाली ताटकळतात. हे लिहिताना लक्षात आलं, की ती दुसरी लिफ्ट रात्रभर चालू ठेवली तरी माझा निम्मा प्रश्न सुटेल, तेही रोबो न घेता! हेसुद्धा पत्रात घालते.

---

औषधखिडकी

मी हॉस्पिटल फार्मासिस्ट. माझ्या खिडकीतून सांगतो.

रात्रीच्या बहुतेक फेऱ्या इंडेंट (वॉर्डाकडून औषधांची मागणी) तुकड्यातुकड्याने आल्यामुळे होतात. ९ वाजता एक, सव्वानऊला एक, मग “अहो, तेवढं पॅन्टॉप राहिलं.” रोबोसाठी ठरावीक वेळा बांधल्या की फेऱ्या कमी होतात. पण अडचण तातडीच्या औषधाची. ते रोबोने पाठवायचंच नाही, माणसाने पळतच न्यायचं. हे नियमात लिहून ठेवा, कारण यंत्र आलं की वरून “रोबोने का नाही पाठवलं” असं विचारलं जातं.

कप्प्याला कुलूप हवं आणि ते ज्या सिस्टरच्या नावावर औषध आहे तिच्या कार्डाने किंवा पिनने उघडायला हवं. कोणी, कधी उघडलं याची नोंद आपोआप राहते. मला या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. “औषध वर पाठवलं होतं”, “आम्हाला मिळालंच नाही” हा वाद मी आयुष्यभर ऐकत आलोय. मॉर्फिन, फेंटानिलसारखी अमली औषधं मात्र माझ्या मते रोबोत ठेवूच नयेत. त्यांची नोंदवही आणि सही हातातून हातात जाऊ द्या.

सॅम्पलचं म्हणाल तर काही ठिकाणी हवेच्या दाबाने डबी ढकलणारी न्यूमॅटिक ट्यूब असते. ती वेगवान, पण रक्ताला धक्के बसतात आणि काही वेळा लाल पेशी फुटून पोटॅशियमचा आकडा चुकतो. रोबो संथ आणि बिनधक्क्याचा. तिथे त्याचा उपयोग आहे.

---

मामांची लेक

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझे वडील मामा होते, २६ वर्षं, आधी कंत्राटावर, शेवटची नऊ वर्षं कायम. त्यांच्या कमरेचे दोन मणके गेलेत आणि उजवा गुडघा. सॅम्पलच्या डब्याने कुणाचे मणके जात नाहीत. लिननच्या ट्रॉलीने जातात. ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली, एक चाक जाम झालेलं, आणि ती रॅम्पवरून वर ढकलायची. ऑक्सिजनचे सिलिंडर, जेवणाच्या गाड्या, कचऱ्याच्या पिशव्या. बाबा घरी आले की आई आधी गरम पाण्याची पिशवी भरायची, मग ताट वाढायची.

सिस्टर, तुमच्या कंपनीने औषधं, सॅम्पल, सेट असं सगळं हलकंच दाखवलंय. छोट्या रोबोचं चित्र छान दिसतं. तुम्ही जड वाहणारं यंत्र मागा. शेकडो किलो ओढणारे एएमआर आहेत, कारखान्यांत रोज चालतात, चाकणकर सांगतीलच. वाहायचंच असेल तर आधी ओझं वाहू दे त्याला.

आणि बैठकीला एका मामांना बसवा. कुठल्या वळणावर ट्रॉली अडते ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. माझ्या वडिलांना २६ वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही.

---

चाकणकर

मामांची लेक, पटलं. २५० किलोचं यंत्र आता नवलाचं राहिलेलं नाही. रॅम्प मात्र मोजून घ्या. आपल्याकडे व्हीलचेअरचा रॅम्प १ ला १२ असतो, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर चढ. बऱ्याच एएमआरच्या कागदावर ५ टक्के लिहिलेले असतात. जुन्या इमारतींतले रॅम्प तर १ ला १२ पेक्षाही खडे असतात. चढ झेपत नसेल तर लिफ्ट, म्हणजे फिरून वरच्या दादांचेच सगळे प्रश्न.

कचऱ्याबद्दल: पिवळी, लाल पिशवी आणि स्वच्छ लिनन एकाच यंत्रावर कधीही नको, मधे पुसून घेतलं तरीही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कापूस-बँडेज असा कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांवर ठेवता येत नाही, त्यामुळे त्याच्या फेऱ्या रोजच्याच. त्याला वेगळं यंत्र आणि वेगळी वेळ.

---

जुनी पानं

थोडा इतिहास, कारण “हे नवीन खूळ आहे” असं बैठकीत कोणीतरी म्हणेलच. कारखान्यातला पहिला रोबो ज्यांनी बाजारात आणला त्या जोसेफ एंगलबर्गर यांनीच पुढे रुग्णालयासाठी हेल्पमेट नावाचा रोबो केला. अमेरिकेतल्या डॅनबरी हॉस्पिटलमध्ये तो १९८८ मध्ये चालू झाला आणि जेवणाची ताटं पोचवायचा. सॅन फ्रान्सिस्कोचं मिशन बे रुग्णालय २०१५ मध्ये उघडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून सामान वाहणारे २५ ‘टग’ रोबो होते, पण ती इमारत त्यांच्यासह आखलेली. आपल्याकडे २०२० च्या साथीत जयपूरच्या एसएमएस रुग्णालयाने कोविड वॉर्डात जेवण आणि औषधं रोबोने पाठवून पाहिली. त्याच वर्षी पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाने प्रवासी तपासायला ‘कॅप्टन अर्जुन’ आणला होता, काहींना आठवत असेल.

---

पांढरी काठी

मला दिसत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला रुग्णालयात जातो, एकटा. माझं म्हणणं फक्त आवाजाबद्दल.

माणूस येतो तेव्हा चपला वाजतात, ट्रॉली येते तेव्हा चाकं खडखडतात. ही यंत्रं रबराच्या चाकांवर, विजेवर चालतात. माझ्या काठीला लागेपर्यंत ती मला नसतातच. चालताना सतत एक मंद आवाज हवा, आणि तो वळणाच्या आधी वाढायला हवा. सतत बीप-बीप नको, आयसीयूच्या शेजारी आधीच पुष्कळ बीप-बीप असते.

दुसरं म्हणजे तो बोलणार काय आणि कोणत्या भाषेत. एका मॉलमध्ये असं यंत्र मला इंग्रजीत काहीतरी सांगत राहिलं आणि शेजारच्या आजोबांना वाटलं ते बिघडलंय. मराठीत बोलू दे. आणि “बाजूला व्हा” नको. कोणाचं माणूस आत गेलेलं असतं, कोणी रडत उभं असतं, त्यांना यंत्राने हुकूम सोडू नये. “जरा वाट देता का” इतकं पुरे.

---

बंद दरवाजा

एकच मुद्दा. २०२२ च्या एप्रिलमध्ये सायनेरिओ या सायबर सुरक्षा कंपनीने वर आलेल्या त्याच टग रोबोंच्या प्रणालीत पाच सुरक्षा त्रुटी जाहीर केल्या होत्या. बाहेरच्या माणसाला यंत्र दुरून चालवता येणं शक्य होतं. बनवणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या. तुमच्या कंपनीला विचारा: दुरुस्त्या कोण पाठवणार, किती वर्षं, आणि करार संपल्यावर काय? रोबोचं नेटवर्क पेशंटच्या नोंदींच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवायला सांगा.

---

नाइट सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. सविस्तर लिहिते.

आधी तयारी. रविवारी रात्री बारा वाजता मी, आमचे मामा आणि मेंटेनन्सचा एक मुलगा फूटपट्टी आणि टेप घेऊन फिरलो. जुनी आणि नवी विंग जिथे जुळते तिथे जमिनीवर एक पट्टी आहे, मी २३ वर्षं तिच्यावरून चाललेय. ती एका बाजूने १४ मिलिमीटर वर आलीय. मामा म्हणाले, “सिस्टर, इथेच तर सलाइनच्या बाटल्या पडतात ट्रॉलीतून.” सलाइन फुटल्याचे कागद मी कितीदा भरले असतील, जागा एकच आहे हे कधी कळलं नव्हतं. बेड लिफ्ट तळघरात फरशीच्या ११ मिलिमीटर खाली थांबते, तिसऱ्यावर ठीक.

बैठकीला मामांना घेऊन गेले. सुरुवातीला ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. पट्टीचं त्यांनीच सांगितलं आणि मग विश्वस्तच त्यांना विचारू लागले.

ठरलं ते असं. विकत आत्ता काही घ्यायचं नाही. एक जड वाहणारं यंत्र ३० रात्रींसाठी चाचणीला मागवायचं, लिननपासून सुरुवात करायची, तेही फक्त सीएसएसडी ते तिसरा मजला. चटईची चाचणी आमच्या पॅसेजमध्ये, रात्री, आणि हाताच्या जागी वाळू भरलेला हातमोजा ठेवून. आवाज मराठीत, “जरा वाट देता का” हेच शब्द. दुसरी बेड लिफ्ट आजपासून रात्रभर चालू.

मामांच्या जागेबद्दलची माझी अट मात्र मान्य झालेली नाही. इतिवृत्ताच्या मसुद्यात “मनुष्यबळाचा फेरआढावा चाचणीनंतर” असं आलंय. त्या ओळीखाली मी माझी हरकत लिहून सही केली, आणि आणखी दोन इनचार्जनीही केली. चाचणीच्या ३० रात्री मी वहीत रेघा मारणार आहे. मामा किती वेळ पेशंटजवळ होते, त्याच्या.

---

लिफ्टची चावी

११ मिलिमीटर म्हणजे दोन तासांचं काम आहे, तुमच्या लिफ्टच्या माणसाला लेव्हलिंग करायला सांगा, टाळाटाळ केली तर मला इथे निरोप टाका. पहिली रात्र कधी?

---

नाइट सिस्टर

सोमवारी. पट्टीवाला शनिवारी येतोय. पहिल्या फेरीला मामा रोबोबरोबर तळघरापासून चालत येणार आहेत.